बिनएचपीचे पत्ते: उन्हाळी सुटीतल्या प्रकल्पाच्या नोंदी

१५ एप्रिल २०२५, धुळे

प्रकल्प दोन टप्प्यांचा. आधी देवपुरातल्या आमच्या गल्लीतल्या पोरांना पोकेमॉनचा पत्त्यांचा खेळ नियमाने खेळायला शिकवायचा. मग त्याच धर्तीवर आपल्याकडच्या शेतीचा एक छोटा खेळ बांधायचा आणि शाळा उघडायच्या आत छापून पोरांच्या हातात द्यायचा. डीटीपी हे माझं रोजचंच काम, त्यामुळे छपाईची चिंता नाही. चिंता आहे ती खेळाची.

सध्या पोरं खेळतात ते ट्रम्प कार्ड. दोघांनी एकेक पत्ता उलटायचा, ज्याचा एचपी (पोकेमॉनची ताकद, किती मार सोसेल तो आकडा) मोठा त्याने दोन्ही उचलायचे. पैलवानांच्या आणि क्रिकेटवाल्यांच्या पत्त्यांवर आम्हीही तेच केलं, एचपीच्या जागी वजन नाहीतर धावा असायच्या एवढाच फरक. मजा येते, पण डोकं लागत नाही. ज्याच्याकडे चारिझार्ड, तो जिंकला.

शिरपूरचा भाचा सुटीला आलाय. त्याने पत्र्याचा डबा ओट्यावर ओतला. स्टेशनरीच्या दुकानातले सोनेरी चकचकीत पत्ते आधी बाजूला काढले. नखाने कोपरा खरवडला की वर्ख सुटतो, आणि मजकुरात स्पेलिंगचा ठिकाणा नाही. त्या सबंध थप्पीत मदतीचा एकही पत्ता नव्हता, सगळे राक्षस आणि सगळ्यांचे एचपी तीन आकडी. खरे पत्ते त्याला पुण्याच्या चुलतभावाने दिलेले. त्यात ट्रेनर, म्हणजे मदतीचे पत्ते होते, पण वेगळे काढून, रबर लावून, डब्याच्या तळाशी. उन्हाने रबर वितळून वरच्या पत्त्याला चिकटलं होतं.

"हे बिनकामाचे आहेत मामा. यांना एचपीच नाही."

रबर चिकटलेला तो पत्ता निघाला प्रोफेसर्स रिसर्च. हातातले सगळे पत्ते टाका, सात नवे उचला. स्पर्धेत उतरणारे लोक ज्या पत्त्यांभोवती गड्डी बांधतात त्यातला हा एक, आणि आमच्याकडे तो रद्दीत.

१७ एप्रिल

खेळाचा सांगाडा आज सांगून टाकला. गड्डी ६० पत्त्यांची. साधी एनर्जी (पोकेमॉनला हल्ला करायला लागणारे पत्ते) सोडली तर एका नावाचे जास्तीत जास्त चार पत्ते. सुरुवातीला हातात सात, आणि सहा पत्ते पालथे बाजूला, ती बक्षिसं. समोरच्याचा पोकेमॉन पाडला की बक्षीस उचलायचं, सहाही उचलली की जिंकलात. दर पाळीला एक पत्ता ओढायचा आणि एकच एनर्जी लावायची. पाळीच्या सुरुवातीला ओढायला गड्डीत पत्ताच उरला नाही तर हरलात. ही शेवटची अट पोरांना सगळ्यात आवडली, का ते कळलं नाही.

मग आली मदतीच्या पत्त्यांची पाळी. पोकेमॉन आणि एनर्जी सोडून उरतात ते सगळे ट्रेनर, आणि त्यांचे आज चार प्रकार आहेत. आयटम एका पाळीत हवे तेवढे टाका: पोशन, स्विच, नेस्ट बॉल. सपोर्टर म्हणजे माणसं, प्रोफेसर, जज, बॉस वगैरे. एका पाळीत एकच. स्टेडियम म्हणजे जागा. तो दोघांच्या मध्ये पडून राहतो आणि दोघांनाही लागू होतो. टूल एखाद्या पोकेमॉनला जोडायचं, एकाला एकच, आणि तो पडला की त्याच्याबरोबर तेही बाद.

भाच्याचं म्हणणं, प्रकार लक्षात ठेवायचे कशाला, पत्त्यावर काय करायचं ते लिहिलेलंच असतं. प्रश्न रास्त आहे. उत्तर द्यायला जुने पत्ते काढावे लागतील.

२० एप्रिल

रात्री बसून पत्त्यांचे जुने मजकूर एकाखाली एक लावले. मुलांसाठी करत होतो, पण मलाच नाद लागला.

हा खेळ जपानात ऑक्टोबर १९९६ मध्ये आला, इंग्रजीत जानेवारी १९९९ मध्ये. पहिल्या संचात आयटम नाही, सपोर्टर नाही, काही नाही. सगळ्यांवर एकच शिक्का, ट्रेनर, आणि हवे तेवढे टाकायची मुभा. त्यात बिल होता: दोन पत्ते ओढा. प्रोफेसर ओक होता: हात टाका, सात ओढा. म्हणजे ओक टाकायचा, सात घ्यायचे, त्यात दुसरा ओक आला की तोही टाकायचा, अधूनमधून बिल. समोरचा बसलाय हातावर हात ठेवून आणि याची अर्धी गड्डी पहिल्याच पाळीत उपसून झालेली.

इंग्रजीत स्टेडियम आला २००० साली, जिम हिरोज या संचात. टूल त्याच वर्षाच्या शेवटी, निओ जेनेसिसमध्ये. आणि इंग्रजीत सपोर्टर आला २००२ मध्ये, एक्स्पेडिशन संचात. तिथे पहिल्यांदा पत्त्यांच्या उपशाला बांध पडला.

आता खरी गंमत. २०२० च्या प्रोफेसर्स रिसर्चचं काम आणि १९९९ च्या प्रोफेसर ओकचं काम एकच आहे: हात टाका, सात ओढा. फरक काय, तर ओकवर बंधन नव्हतं आणि हा सपोर्टर आहे.

दुसरं उदाहरण याहून चांगलं. १९९९ चा कॉम्प्युटर सर्च: हातातले दोन पत्ते टाका, गड्डीतून हवा तो कुठलाही एक पत्ता शोधून घ्या. तेव्हा गड्डीत चार चालायचे. २०१२ मध्ये बाउंड्रीज क्रॉस्ड संचात हाच पत्ता परत आला, काम तेच, पण त्यावर एस स्पेक असा नवा शिक्का. एस स्पेक म्हणजे अख्ख्या गड्डीत असा एकच पत्ता. चाराचा एक झाला, काम बदललं नाही.

तिसरं, गस्ट ऑफ विंड. समोरच्याच्या बाकावर, म्हणजे राखीव, बसलेला कुठलाही पोकेमॉन ओढून मैदानात आणायचा. बाकावर लपवलेलं लंगडं पिल्लू असं पुढे आणलं की बक्षीस खिशात. २०११ मध्ये तेच काम पोकेमॉन कॅचर नावाने आयटम होऊन आलं. इतकं भारी पडलं की २०१३ मध्ये मजकूर बदलून त्यात नाणं उडवायची अट घालावी लागली, छापा आला तरच. आज हेच काम बॉसेस ऑर्डर्स करतो, नाणं नाही, पण सपोर्टर आहे. म्हणजे ज्या पाळीत बॉस बोलावला त्या पाळीत प्रोफेसर नाही. एकतर समोरच्याची मान धरा, नाहीतर आपला हात भरा.

भाच्याच्या प्रश्नाला हे उत्तर. पत्ता काय करतो हे मजकुरात असतं. किती वेळा करू द्यायचं, केल्यावर तो कुठे जातो आणि कोणाला लागू होतो, हे प्रकार सांगतो. प्रकार म्हणजे लगाम. आपला खेळ बांधताना आधी लगाम ठरवायचे, पत्ते नंतर.

२४ एप्रिल

पोरांनी पहिल्यांदा पूर्ण डाव खेळले. पुरेसे खरे पत्ते नाहीत, म्हणून जुन्या कॅटमधले पत्ते प्लास्टिकच्या पाकिटात घालून पुढे मजकुराची चिठ्ठी सरकवली. पिसायला उत्तम, आणि मागून सगळे सारखे दिसतात.

सगळ्यात अवघड गेला अल्ट्रा बॉल. हातातले दोन पत्ते टाका आणि गड्डीतून हवा तो पोकेमॉन घ्या. पोरांना टाकायला जीव होत नाही. शेजारच्या पाचवीतल्या मुलीने तो पत्ता हातात धरून ठेवला, प्रत्येक पाळीला बघायची, परत ठेवायची. शेवटी हरली तेव्हा हातात नऊ पत्ते होते. तिला म्हटलं, टाकलेल्याचा हिशेब करू नकोस, मिळालेल्याचा कर. पटलं नाही. पण पुढच्या डावात तिनेच शोधून काढलं की प्रोफेसर टाकायच्या आधी हातातले आयटम वापरून संपवायचे, म्हणजे बाद करायला फारसं काही उरतच नाही. हे तिला मी सांगितलेलं नव्हतं. चांगले खेळाडू नेमकं हेच करतात: आधी आयटम, मग माणूस.

आयोनो हा सपोर्टर समजावताना मात्र माझीच दमछाक झाली. दोघांनीही हात पिसून गड्डीच्या तळाला ठेवायचा आणि जितकी बक्षिसं शिल्लक तितके पत्ते ओढायचे. सुरुवातीला टाकलात तर दोघांना सहासहा, काही बिघडत नाही. पण समोरच्याचं एकच बक्षीस उरलंय आणि तुमची चार, अशा वेळी टाकला तर तो एका पत्त्यावर आणि तुम्ही चारांवर. जिंकत आलेल्याचा हात रिकामा करणारा पत्ता. गल्लीत त्याला लगेच नाव पडलं, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

एक विषयांतर. क्लेफेअरी डॉल म्हणून पहिल्या संचात एक ट्रेनर होता, जो पोकेमॉन म्हणून मैदानात बसवता यायचा. एचपी १०. "म्हणजे एचपीवाला ट्रेनर!" म्हणून पोरांनी एकच गिल्ला केला. वर्गवारी करून झाली असं वाटतं तेवढ्यात असा एखादा पत्ता येतो.

३० एप्रिल, आखाजी (अक्षय्य तृतीया)

आज खान्देशात पत्ते खेळायला कोणाची परवानगी लागत नाही. समोरच्या पारावर सकाळपासून मोठ्यांचे डाव, मागच्या अंगणात पोरींचे झोके आणि गौराईची गाणी. आमच्या ओट्यावर पोकेमॉन. समोरचे आप्पा दुपारी डाव सोडून आमच्याकडे येऊन बसले, बराच वेळ नुसतं बघत. मग विचारलं, "हुकूम कोनता शे मंग?" हुकूम नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपेल असं वाटलं होतं. पण सपोर्टरचा नियम ऐकून ते म्हणाले, एका दिवसाला एकच मजूर लावायचा, असंच ना? जवळपास.

इथून शेतीच्या खेळाची चर्चा सुरू झाली आणि दिवस त्यातच गेला. ढोबळ आराखडा असा. प्रत्येकाची तीन शेतं. पिकाचे पत्ते: कपाशी, केळी, दादर (ज्वारी), मिरची, भरिताचं वांगं. प्रत्येक पिकाला पाणी लागतं, केळीला सगळ्यात जास्त, दादरला नावापुरतं, कारण ती काळ्या जमिनीतल्या ओलीवरच येते. पाण्याचा एकच पत्ता एका पाळीत. पाणी पुरलं की काढणी, आणि एक खेप बाजाराला. केळीच्या दोन खेपा. सहा खेपा ज्याच्या आधी, तो जिंकला. गड्डी ४० पत्त्यांची, एका नावाचे जास्तीत जास्त तीन.

माणसांच्या पत्त्यात पाटकरी, अडत्या, जागल्या आणि सालदार अशी नावं निघाली. माणूस म्हणजे सपोर्टर, वापरला की बाद ढिगात, असं मी गृहीत धरलेलं. पाचवीतली ती मुलगी, तिचे वडील आधी सालदार होते, ती म्हणाली, "सालदार एका दिवसात कसा जाईल? आज आखाजी आहे. आज ठरला तर वर्षभर राहील."

तिचं बरोबर आहे. साल ठरायचं ते आखाजीला, आणि ठरलं की माणूस वर्षभर त्या शेताला बांधलेला. रोजंदारीवाला संध्याकाळी पैसे घेऊन घरी जातो. दोघंही माणसंच, पण एक बाद ढिगात जातो आणि एक शेतावर राहतो. म्हणून सालदाराला टूलच्या रांगेत बसवला: एका शेताला एकच, जोडलेला राहील, त्या शेतातल्या पिकाला दर पाळीला एक पाणी कमी लागेल. टूलच्या नियमाने पीक निघालं की सालदारही बाद व्हायला हवा. त्यावर पुन्हा हरकत: पीक निघालं म्हणून सालदार थोडाच जातो? मग त्याला पिकाऐवजी शेताला जोडला. पीक बदलेल, तो राहील. मूळ खेळातल्या टूलपेक्षा हा लगाम सैल झाला, म्हणून गड्डीत सालदार दोनच.

आप्पांना दोनाचा नियम पटला. म्हणाले, दोन सालदार परवडणारा शेतकरी दाखवा आधी.

४ मे, रविवार

साक्रीच्या बाजूला जाऊन पांझरेवरचा एक फडाचा बंधारा पोरांना दाखवून आणला. नदीत पाणी नव्हतंच म्हणा, पण रचना कोरड्यातच नीट दिसते. नदीत आडवा दगडी बंधारा, त्याच्या एका अंगाने निघालेला पाट, पाटातून चाऱ्या. उपसा कुठेच नाही, पाणी उताराने आपसूक चालतं. खालच्या जमिनीचे मोठे तुकडे, तेच फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि कोणत्या फडात काय हे मिळून ठरवायचं. पाणी सोडायला पाटकरी, देखरेखीला हवालदार, पिकाच्या राखणीला जागल्या. ही पद्धत काही शतकांची जुनी आहे, पांझरेसारखीच मोसम आणि आरम या नद्यांवरही होती.

स्टेडियमचा पत्ता दुसरा कुठला शोधायची गरज उरली नाही. फड: टेबलावर आहे तोवर दोघांच्याही शेतात, एकाच नावाचं पीक दोन शेतांत असेल तर त्याला एक पाणी कमी.

भाच्याने लगेच विचारलं, "पत्ता माझा, पाळी माझी, आणि पाणी त्यालाही?"

हो. स्टेडियमचं मर्मच ते. फायदा दोघांना होतो म्हणून तो टाकायचा कधी, तर आपल्याला जास्त होणार असेल तेव्हा. तू तिन्ही शेतांत कपाशी लावली असशील आणि समोरच्याने एकेकात वेगळं, तर फड तुझा. उलट असेल तर तो पत्ता हातात जिरव. दुसरा स्टेडियम पडला की पहिला उचलायचा, आणि त्याच नावाचा परत त्यावर टाकता येत नाही.

यू-गि-ओ खेळात याच जागेचे पत्ते फील्ड स्पेल म्हणून आहेत. तिथेही आधी टेबलावर एकच फील्ड राहायचं, नवं आलं की जुनं जायचं. २०१४ च्या नियमबदलानंतर प्रत्येकाचं आपापलं फील्ड राहू शकतं. त्याने भांडण कमी झालं असेल, पण एकाने टाकायचं आणि दुसऱ्याने ते उडवून आपलं बसवायचं, यातली झटापटही गेली. आपण जुनीच रीत ठेवू. पाट एकच आहे, दोन कुठून आणणार?

९ मे

वस्तूंचे पत्ते भराभर झाले. बियाणं: गड्डीतून एक पीक शोधा. खताची गोणी, फवारा, बैलगाडी. यात सांगण्यासारखं फारसं नाही.

संकटांचं मात्र बिघडलं. रोही (नीलगाय) हा पत्ता वस्तूत घातला होता: समोरच्याच्या कुठल्याही शेतातलं पाणी लागलेलं पीक खाऊन टाकतं. वस्तू म्हटल्यावर पाळीत कितीही चालणार. रावेरहून आलेल्या एका पाहुण्या पोराने एका पाळीत तीन रोही सोडले आणि समोरच्याची तिन्ही शेतं साफ. समोरच्याने पत्ते खाली ठेवले आणि पाणी प्यायला गेला तो परत आलाच नाही.

गस्ट ऑफ विंडची कथा आमच्या ओट्यावर परत घडली. उपायही तोच: पाळीत एकदाच. पण आमच्याकडे पाळीत एकदाच चालतात ती माणसं. "रोही काय मानूस शे का?" हा प्रश्न तीन दिशांनी आला.

तोड काढली ती त्या रावेरच्या पोरानेच. त्यांच्याकडे रात्री शेतात रोही शिरलं की राखणदार ओरडत, डबा वाजवत त्याला हाकलतो, आणि ते जातं कुठे? शेजारच्या शेतात. म्हणजे पत्ता रोहीचा नाहीच, जागल्याचा आहे. जागल्या: आपल्या शेतातलं संकट समोरच्याच्या हव्या त्या शेतात हाकला. आपल्याकडे संकट नसेल तर पत्ता फुकट. रोही आता पत्ता म्हणून पिकांच्या गड्डीत मिसळून येतं, ज्याने ओढलं त्याच्या शेतात उभं राहतं, आणि त्याला तिकडे पाठवायला पाळीतला तुमचा एकुलता माणूस खर्ची पडतो. त्या पाळीत पाटकरी नाही, अडत्या नाही.

मला हा आतापर्यंतचा सगळ्यात चांगला पत्ता वाटतो. शेजाऱ्यांचं भांडण नियमात बसलं.

१४ मे

गड्डीत एकच असा जो पत्ता हवा, त्यावर आज मतदान. कानबाईचा आग्रह बऱ्याच जणांचा होता. देव पत्त्यावर घ्यायचे नाहीत असं मी ठामपणे सांगितलं. हातातून पडणार, पायाखाली येणार, आणि बाद ढिगात टाकताना कोणाच्या तरी आजीने पाहिलं म्हणजे संपलंच. निवडला गेला तो अक्कलपाड्याचं आवर्तन, म्हणजे धरणातून सोडलेलं पाणी: आपल्या सगळ्या शेतांना एकेक पाणी, लगेच. दोन हवेत अशी मागणी आहे. देणार नाही. एस स्पेक परत २०२४ मध्ये टेंपरल फोर्सेस संचात आणले, त्यात प्राइम कॅचर आहे: समोरच्याचा बाकावरचा पुढे ओढा आणि आपलाही बदलून घ्या, तेही आयटम म्हणून, सपोर्टर न खर्चता. एवढं भारी काम चालतं ते गड्डीत एकच आहे म्हणून. आवर्तन वर्षात मोजकीच सुटतात, पोरांना हे वेगळं सांगावं लागलं नाही.

२१ मे

छपाईची जुळणी. पत्ता ६३ बाय ८८ मिलिमीटर, मूळ खेळाचाच आकार, म्हणजे बाजारातली पाकिटं बसतात. १२ बाय १८ इंचाच्या शीटवर आडवे लावून २१ पत्ते. दोन गड्ड्यांचे ८० पत्ते चार शीटवर आणि चार जागा शिल्लक, त्यात नियम. ३०० जीएसएमचा आर्ट कार्ड. लॅमिनेशन चकचकीत केलं तर पत्ते एकमेकांवरून घसरतात आणि ट्यूबलाइट खाली वाचता येत नाही, म्हणून मॅट.

प्रकाराचं नाव डाव्या वरच्या कोपऱ्यात. हातात पत्ते पंख्यासारखे धरले की तेवढाच कोपरा दिसतो, आणि पाळीत आपल्याकडे किती माणसं पडून आहेत हे एका नजरेत कळलं पाहिजे. मधोमध मोठ्या अक्षरात छापलं की दिसतं सुंदर, खेळताना उपयोग शून्य.

पोकेमॉनच्या सपोर्टरवर तळाशी बारीक ओळ असते की पाळीत असा एकच पत्ता टाकता येतो. स्टेडियमवर, टूलवर त्यांच्या त्यांच्या ओळी. तेच उचललं. नियमाचं पुस्तक पहिल्या आठवड्यात हरवतं, पत्त्यावरची ओळ हरवत नाही. त्यासाठी साडेआठ पॉइंट ठेवला होता, पण रफार आणि अनुस्वार भरून येतात. नऊ केला आणि मजकूर छाटला.

टूल वेगळं ठेवायचं की वस्तूतच, यावर पुन्हा विचार केला. मूळ खेळात २०११ पासून टूल हे आयटमचाच पोटप्रकार धरायचे. आयटम अडवणारा पत्ता आला की टूलही अडकायचं. २०२३ च्या स्कार्लेट अँड व्हायोलेटपासून टूल वेगळा प्रकार झाला, आता आयटमची बंदी त्याला लागत नाही. आमच्याकडे बाजार बंद हा स्टेडियम आहे, तो असेपर्यंत वस्तू टाकता येत नाहीत. सालदार वस्तूत धरला तर बाजार बंद असला की सालदारही लावता येणार नाही. ते काही खरं नाही. वेगळाच ठेवला.

२५ मे

शेवटची चाचणी. पहिली पाळी ज्याची, तो फार पुढे निघतो हे बरेच दिवस दिसत होतं. पहिल्याच पाळीत पाटकरी आला की दोन पाणी जास्तीचं, आणि दुसऱ्याने डोळे उघडेपर्यंत मिरचीची खेप रवाना. मूळ खेळात २०२० पासून पहिल्या खेळाडूला पहिल्या पाळीत सपोर्टर टाकता येत नाही. तीच अट घातली: पहिल्याच्या पहिल्या पाळीत माणूस नाही, वस्तू चालतील. लगेच फरक पडला. आता दुसरा व्हायलाही पोरं तयार असतात, आधी नाणेफेकीवरून हातघाई व्हायची.

अडत्यावर मात्र एकमत नाही. हात टाका, पाच ओढा, असा तो आहे. सात दिले तर ४० ची गड्डी लवकर आटते आणि ओढायला पत्ता नाही म्हणून चांगले डाव वाया जातात. पाच ठेवले तर भाच्याच्या मते अडत्या कोणी घेणारच नाही. पाचच ठेवलेत. गड्डी लहान असेल तर ओढाही लहान हवा.

दुष्काळ (हाही स्टेडियमच) आणि फड यांचा निकाल लावला. दुष्काळ पडला की फड उचलायचा, मग पाऊस हा पत्ता टाकून दुष्काळ गेला तरी फड आपोआप परत येणार नाही, हातात दुसरा असेल तर पुन्हा टाकावा लागेल. दोघा पोरांना हा अन्याय वाटतो. बंधारा फुटत नाही ना, मग फड जातो कुठे? मुद्दा चांगला आहे, पण एका वेळी एकच स्टेडियम हा नियम मोडला तर टेबलावर जागांची रांग लागेल. पहिली छपाई नियमाप्रमाणेच.

फाइल सोमवारी देतोय. राहिलेली कामं: केळीच्या पत्त्यावरचा आकडा ठळक करणे, जागल्याच्या ओळीतला शेवटचा शब्द खाली उतरतोय तो वर घेणे, मागच्या बाजूचा रंग एक छटा गडद, आणि शिल्लक चारपैकी एका पत्त्यावर दुष्काळाचा नियम मोठ्या अक्षरात.